खान्देशातला फोटोवॉक: खर्च किती आणि कुणाला किती द्यायचे

युरोपला जाऊन आलेले नातेवाईक एक गोष्ट हमखास सांगतात. प्राग किंवा लिस्बनसारख्या शहरात तिथलाच एखादा छायाचित्रकार सकाळी दोन-तीन तास आपल्याला बोळाबोळांतून फिरवतो. ऊन कुठल्या भिंतीवर किती वाजता येतं, कुठल्या पायरीवर बसलं की ट्राम नीट सापडते, हे तो दाखवतो. याचे माणशी पन्नास-साठ युरो घेतले तर तिथे कुणाला नवल वाटत नाही. आपल्याकडे धुळ्यात किंवा चाळीसगावात असाच एखादा जाणता माणूस अर्धा दिवस आपल्याबरोबर फिरतो, तेव्हा आपण त्याला चहा पाजतो, खांद्यावर हात ठेवतो आणि गाडीत बसतो. मीही हेच केलेलं आहे, आणि त्याची बोच अजून आहे. म्हणून या लेखात फोटोवॉकच्या खर्चाचा हिशेब मांडताना सोबत येणाऱ्या माणसाचे पैसे सगळ्यात वर धरले आहेत.

आधी आकड्यांचा अंदाज देतो. युरोपच्या शेंगेन व्हिसाचं नुसतं शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे. युरो शंभर रुपयांचा धरला तर ९,००० रुपये झाले. सहा जणांचा गट केला, तर धुळे, चाळीसगाव आणि जळगाव असे तिन्ही फोटोवॉक माणशी सव्वादोन हजारांत होतात. म्हणजे व्हिसाच्या त्या एका शुल्कात चौघांची खान्देशातली भटकंती बसते. तुमच्या गावाहून इथवर यायचं भाडं आणि मुक्काम यात धरलेला नाही.

सोबतीचे पैसे

खान्देशात फोटोवॉकचं दरपत्रक लावलेलं सापडत नाही. माणूस आपण शोधायचा आणि दरही आपणच बोलून ठरवायचा. माणसं तीन प्रकारची भेटतात: तालुक्याच्या गावी स्टुडिओ चालवणारे, वर्तमानपत्रासाठी फोटो काढणारे आणि गावाचा इतिहास तोंडपाठ असलेले निवृत्त शिक्षक. मी पहिली पसंती स्टुडिओवाल्याला देतो. गावातलं प्रत्येक घर त्याने कुणाच्या तरी हळदीच्या निमित्ताने आतून पाहिलेलं असतं. कुठल्या वाड्याचा जिना अजून धड आहे आणि कुठल्या घरातल्या आजी कॅमेरा बघून रागावतात, हे त्याला ठाऊक असतं.

पण त्याच माणसाचा दिवस सगळ्यात महाग असतो, आणि हे मला उशिरा कळलं. पहिल्यांदा आम्ही सहा जण एका तालुक्याच्या गावी गेलो, तेव्हा तिथला एक तरुण स्टुडिओवाला सकाळी साडेसहापासून अकरापर्यंत आमच्याबरोबर फिरला. पैशांचं काहीच बोलणं झालं नव्हतं. निघताना सहा जणांत मिळून दोनशे रुपये काढले आणि त्याच्या हातात ठेवले. त्याने ते मुकाट्याने घेतले. नंतर कळलं, की त्या सकाळी लग्नाच्या अल्बमचं काम घेऊन आलेलं गिऱ्हाईक स्टुडिओ बंद बघून दुसरीकडे गेलं होतं. पुढच्या खेपेला मी त्याला भेटलो, मागचे पैसे चुकते केले आणि त्याच्याच टेबलावर बसून दर ठरवला. तोच दर मी आजवर पाळत आलो आहे: चार तासांचे १,५०० रुपये, पूर्ण दिवसाचे २,५०० आणि जेवण आपल्याबरोबर. गट सहा जणांपर्यंत. त्याहून जास्त माणसं नेऊच नका, गल्लीत गर्दी होते आणि कुणालाच फोटो मिळत नाही. लग्नसराईत, म्हणजे तुळशीच्या लग्नानंतरच्या तिथींना आणि वैशाखात, दर वाढवून द्या किंवा तारीख बदला.

पैसे माणशी ठरवू नका, गटाचे मिळून ठरवा. ऐनवेळी दोघं गळाले की माणशी दराचा फटका सोबत्याला बसतो. निम्मे आदल्या दिवशी यूपीआयने पाठवा आणि उरलेले वॉक संपल्यावर सगळ्यांसमोर द्या. बोलताना या गोष्टी स्पष्ट करून घ्या: सुरुवात किती वाजता, चालणं किती, कुठल्या घरात जायचं आहे आणि तिथे त्याने आधी विचारलं आहे का, पाऊस आला तर काय. शेवटच्या प्रश्नाचं माझं उत्तर ठरलेलं आहे. पावसाने वॉक रद्द झाला तरी पाठवलेले निम्मे पैसे परत मागायचे नाहीत, कारण त्याने तो दिवस आपल्यासाठी मोकळा ठेवलेला असतो.

धुळे: नंबरांच्या गल्ल्या

पहिलाच फोटोवॉक असेल तर धुळ्यापासून सुरुवात करा. १८१९ साली कॅप्टन ब्रिग्जने खान्देश जिल्ह्याचं मुख्य ठाणं म्हणून धुळे निवडलं आणि नवी पेठ वसवली. जुन्या गावांचे बोळ वळत जातात. धुळ्याच्या पेठेतल्या गल्ल्या सरळ रेषेत आहेत आणि त्यांना नावांऐवजी नंबर आहेत. धुळेकर पत्ताही ‘चार नंबरच्या गल्लीत’ असाच सांगतात. फोटो काढणाऱ्याला याचा फायदा होतो. सरळ गल्लीत खोली मिळते, दोन्ही बाजूंच्या लाकडी माड्या लांबवर एका बिंदूकडे निमुळत्या होत जातात, आणि मधे दूधवाल्याची सायकल आली की चित्र पुरं होतं. पाचकंदील भागात सकाळी दुकानांची फळकुटं निघायच्या आत पोचा. नंतर आग्रा रोडवर गाड्यांच्या रांगा लागतात.

तिथून पांझरेच्या काठी एकवीरा देवीच्या देवळाकडे जा. देवळात फोटो काढण्याआधी पुजाऱ्यांना विचारा आणि गाभाऱ्याकडे कॅमेरा वळवू नका. मग राजवाडे संशोधन मंडळ. इतिहासाचार्य राजवाडे धुळ्यातच ३१ डिसेंबर १९२६ रोजी गेले, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने ही संस्था उभी राहिली. आयुष्यभर गावोगाव पायी फिरून दप्तरं गोळा करणाऱ्या माणसाची ही वास्तू आहे. इथे कागदपत्रांचे फोटो परवानगीशिवाय काढू नका, फ्लॅश तर नाहीच. देणगी देऊन पावती घ्या.

अर्ध्या दिवसाचा हिशेब माणशी असा: सोबत्याचे २५०, नाश्ता-चहा १००, रिक्षा ५०, देणगी ५० आणि प्रिंटचे ५०. एकूण ५०० रुपये. प्रिंटचं काय ते पुढे सांगतो.

जळगावहून धुळ्याला यायचं तर साधारण ९० किलोमीटर. एसटीची भाडेवाढ जानेवारी २०२५ मध्ये झाली. साध्या गाडीला सहा किलोमीटरच्या टप्प्याला दहा रुपयांच्या आसपास पडतात, म्हणजे एका वेळचं दीडशेच्या घरात. बायकांना निम्मं तिकीट, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही निम्मं, आणि ७५ च्या पुढे काहीच नाही. पंचाहत्तरी ओलांडलेले आजोबा हौशी असतील तर त्यांना जरूर घ्या. जुन्या गल्लीत अनोळखी घराचं दार त्यांच्यामुळे पटकन उघडतं.

दिवस पूर्ण करायचा असेल तर दोन वाटा आहेत. मुंबई-आग्रा महामार्गाने दक्षिणेला लळिंगचा किल्ला, किंवा उत्तरेला वीसेक किलोमीटरवर सोनगीर. लळिंग संध्याकाळी चांगला. वर चढून बसलं की खाली महामार्गावर दिव्यांची माळ लागते. पण अंधारात उतरायचं असतं, म्हणून वाट माहीत असलेला सोबती तिथे हवाच, आणि प्रत्येकाकडे बॅटरी हवी. मोबाइलचा उजेड पुरत नाही.

मला विचाराल तर सोनगीर. हे गाव तांब्या-पितळेच्या भांड्यांचं. पत्र्याचा वाटोळा तुकडा भट्टीत लाल होतो, ऐरणीसारख्या लोखंडी खुंट्यावर चढतो आणि लाकडी हातोड्याने त्याला बाक येऊ लागतो. मग लोखंडी हातोडीची पाळी. डाव्या हाताने भांडं बोटभर फिरवायचं, उजव्या हाताने एक ठोका, पुन्हा बोटभर फिरवायचं. ठोक्यांच्या खुणा माशाच्या खवल्यांसारख्या एकाशेजारी एक बसत जातात. तांबटाचे डोळे भांड्यावर कमीच असतात. ठोका कुठे पडला ते त्याला आवाजावरून कळतं. हे बघायला तास द्या. पहिली वीस मिनिटं कॅमेरा पिशवीतच राहू द्या.

इथे पैशांचा एक वेगळा प्रश्न येतो. कारागीर आपल्या कामात असताना फोटो काढले तर पैसे देऊ नयेत असं माझं मत आहे. पण आपण ‘जरा थांबा, पुन्हा एकदा तसंच करा, तोंड इकडे’ म्हणालो की त्याचं काम थांबतं आणि भट्टी निवते. तेव्हा त्याच्या वेळेचे पैसे द्यायलाच हवेत, किंवा एखादं भांडं विकत घ्यावं. भांडं वजनावर मिळतं. घासाघीस करू नका.

चाळीसगाव: घराबाहेर न पडलेला छायाचित्रकार

खान्देशात फोटोसाठी फिरायचं आणि चाळीसगावला जायचं नाही, हे होऊ नये. रेल्वे स्टेशनजवळच्या एका दगडी बंगल्यात केकी मूस राहत. जन्म १९१२ चा, मुंबईच्या पारशी घरातला. चाळीसगावात स्थिरावल्यावर जवळजवळ पन्नास वर्षं ते क्वचितच या घराबाहेर पडले. रोज रात्री मुंबईहून येणाऱ्या पंजाब मेलची ते वाट बघत, कुणीतरी येणार म्हणून फाटक उघडं ठेवत, असं गावात सांगतात. त्यांचं टेबल-टॉप छायाचित्रण देशाबाहेरही गाजलं. घरातल्याच साध्यासुध्या वस्तू टेबलावर मांडून, त्यांवर हवा तसा उजेड सोडून, ते अख्खा देखावा उभा करत. ३१ डिसेंबर १९८९ रोजी ते गेले. त्यांचं घर आता कलादालन म्हणून जपलेलं आहे.

फिरत फिरत फोटो काढणाऱ्यांनी या घरात थांबावं, असं मला मनापासून वाटतं. दिवसभरात आपण चारशे फोटो काढतो. इथे भिंतीवरच्या एकेका चित्रासमोर उभं राहिलं की लक्षात येतं, की टेबलावरच्या हातभर जागेतला उजेड सांभाळायला या माणसाने किती दिवस घालवले असतील. आदल्या दिवशी फोन करून दालन उघडं असल्याची खात्री करा आणि आतल्या कलाकृतींचे फोटो परवानगीनेच काढा. चित्रांच्या काचेत खिडकीचा उजेड चमकतो. परवानगी मिळाली तरी आपलंच प्रतिबिंब फोटोत येतं, म्हणून तिरकं उभं राहा.

दुपारनंतर पाटणादेवी. चाळीसगावपासून १८ किलोमीटर. चंडिकेचं दगडी देऊळ, मागे सातमाळ्याचा डोंगर, आणि भास्कराचार्यांची आठवण. त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी इथे मठ काढला, त्याचा इसवी सन १२०७ च्या सुमाराचा शिलालेख इथलाच. हा भाग गौताळा औट्रम घाट अभयारण्यात येतो. नाक्यावर माणशी आणि गाडीमागे शुल्क भरून पावती घ्या. ड्रोन काढू नका, अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय तो उडवता येत नाही. ओढ्यांना पाणी बघायचं असेल तर श्रावण-भाद्रपदात या. पितळखोऱ्याची लेणी इथून डोंगरावरून गाठता येतात, पण तो वेगळ्या दिवसाचा कार्यक्रम आहे आणि वाटाड्याशिवाय करू नका.

हा दिवस तिन्हींत महाग. जळगावहून जाऊन-येऊन, पाटणादेवी धरून, २३० किलोमीटर होतात. सहा जणांची मोठी गाडी लिटरला १२ किलोमीटर देते आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं, तर दोन हजार रुपये इंधन, म्हणजे माणशी ३३५. सोबत्याचे पूर्ण दिवसाचे माणशी ४१५. दोन वेळचं खाणं २५०, नाका आणि देणगी १००, प्रिंट ५०. एकूण ११५० रुपये. गाडी भाड्याची असेल तर बुक करताना चार गोष्टी विचारा: किमान किती किलोमीटरचे पैसे लावणार, ड्रायव्हरभत्ता किती, टोल कुणाचा, आणि रात्री किती वाजल्यानंतर जादा आकार. बहुतेक भांडणं किमान किलोमीटरवरून होतात. पैसे वाचवायचे असतील तर जळगाव-चाळीसगाव रेल्वेने या आणि पाटणादेवीपुरती गाडी करा. धुळ्याहून येणाऱ्यांना १९०० सालापासूनचा चाळीसगाव-धुळे रेल्वेफाटा आहेच. फलाटावर कॅमेरा काढण्याआधी स्टेशन मास्तरांना सांगा.

जळगाव: केळी, भरीत, रथ

जळगाव शहरात मी थोडाच वेळ घालवतो. सुभाष चौक, सराफ बाजार, दाणा बाजार तासाभरात होतात. सराफांच्या पेढीत गिऱ्हाइकाचा चेहरा फोटोत येऊ देऊ नका, ती त्यांची खासगी बाब आहे. मग बहिणाबाई चौधरींचं माहेर आसोदा, शहरापासून चार-पाच किलोमीटर. त्या वाटेवरच्या केळीच्या बागा सकाळी सातला बघाव्यात. पानांतून गाळून आलेला हिरवा उजेड माणसांच्या अंगावर पडतो आणि कातडीचा रंग बदलून टाकतो. कॅमेऱ्याचं व्हाइट बॅलन्स स्वतः लावा, नाहीतर सगळे चेहरे आजारी दिसतील. कापणी चालू असेल तर जुने कपडे घाला. केळीच्या घडाचा चीक आधी पाण्यासारखा दिसतो, वाळला की काळा पडतो आणि मग कपड्यावरून निघत नाही. लेन्सवर एक थेंब जरी पडला तरी लगेच ओल्या फडक्याने पुसा.

हिवाळ्यात आलात तर दुपारी भरीत. मोठी हिरवी वांगी शेतातच कापसाच्या काठ्यांवर भाजतात, लाकडी उखळात ठेचतात, आणि बरोबर कळण्याच्या पुऱ्या. जाळ, धूर आणि वाफ एकत्र टिपायची ही संधी असते. पण वाढलेलं पान गार करून फोटो काढत बसू नका, यजमानांना ते आवडत नाही. माणशी खर्च: सोबत्याचे २५०, दोन रिक्षांचे मिळून १००, जेवण २००, प्रिंट ५०. सहाशे रुपये.

कार्तिकी एकादशीला जुन्या जळगावात श्रीरामाचा रथ निघतो. तो दिवस गाठता आला तर बाकी सगळं सोडा. उतारावर रथ आवरायला चाकाखाली लाकडी मोगरी सरकवणारी माणसं असतात. त्यांचे हात आणि चाक यांच्यामधे वीतभर अंतर असतं. तो फोटो माडीवरून, लांब लेन्सने काढायचा. जवळ जाऊन त्यांच्या पायात येऊ नका. माडी मिळवून देणं हे सोबत्याचं काम, आणि त्या घरच्यांसाठी मिठाईचा पुडा नेणं हे आपलं.

आखाजी आणि कानबाई हे बायकांचे सण. आखाजीला लिंबाच्या झाडाला झोके बांधून माहेरवाशिणी गाणी म्हणतात. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई घरात बसते आणि सोमवारी वाजतगाजत निघते. या दोन्ही दिवशी सोबतीला बाईच घ्या आणि तिला दर तोच द्या. कानबाईच्या घरी जाताना नारळ न्या. आखाजी ऐन उन्हाळ्यात येते आणि जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशीला टेकतो. सहाला सुरुवात करून नऊला सावली गाठा. मोबाइल तापून बंद पडतो, तो पाण्याच्या बाटलीशेजारी पिशवीत ठेवा.

प्रिंटचे पन्नास रुपये

प्रत्येक हिशेबात मी माणशी पन्नास रुपये प्रिंटचे धरले आहेत. सहा जणांचे तीनशे होतात आणि पोस्टकार्डाएवढ्या वीसेक प्रिंट त्यात निघतात. ज्यांचे फोटो काढले त्या माणसांना त्या पोचवायच्या. व्हॉट्सॲपवर पाठवतो म्हणणारे पुष्कळ असतात, आणि दहातले आठ पाठवत नाहीत असा माझा अनुभव आहे. त्यामुळे पुढच्या वेळी कॅमेरा दिसला की लोक तोंड फिरवतात आणि त्याचे बोल आपल्या सोबत्याला ऐकावे लागतात, कारण तो त्याच गावात राहतो. प्रिंट त्याच्याच स्टुडिओत काढा, पैसे आगाऊ द्या आणि वाटायचं कामही त्यालाच सांगा. विचारून काढलेल्या फोटोचीच प्रिंट द्यायला तोंड असतं. ‘फोटू काढू का, माय?’ एवढं विचारलं तरी पुरतं. जळगावकडे बहुतेक वेळा ‘काढ ना भो’ असंच उत्तर येतं. नाही म्हणाले तर कॅमेरा खाली.

सोनगीरच्या एका वयस्कर तांबटाची प्रिंट मी गेल्या हिवाळ्यात स्वतः नेऊन दिली. त्यांनी हात धोतराला पुसले, फोटो उजेडात धरला आणि बराच वेळ बघितला. मला वाटलं, आपला चेहरा बघताहेत. ते हंडा बघत होते. काठ अजून वळवायचा राहिला होता, तळाशी ठोक्यांच्या दोनच ओळी पडल्या होत्या. ‘हंडा आते अर्धाच शे,’ ते म्हणाले, ‘पुरा व्हयना का मंग या.’ मी तारीख विचारली. त्यांनी नातवाला विचारून पौषातली सांगितली.